कोमट म्हणजे नक्की किती?

परदेशात पीएचडीला निघालेल्या मराठी मुलामुलींच्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असतात. एक मसाल्याचा डबा आणि दुसरी आईला विचारून लिहून घेतलेल्या पाककृतींची वही. माझ्याकडेही ती होती. पहिल्याच पानावर दही होतं: "दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण लावायचं, रात्रभर झाकून ठेवायचं." संपलं. एवढ्या एका ओळीने मला जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात सहा आठवडे छळलं.

तुम्ही म्हणाल, दुकानात दही मिळतं की, एवढं काय त्यात? मिळतं, आणि चांगलंही असतं. पण त्या दिवसांत लॅबमध्ये माझं काहीही धड होत नव्हतं. संध्याकाळी चारलाच अंधार पडायचा. खोलीवर आल्यावर वाटायचं, निदान दहीभात तरी घरच्यासारखा व्हावा. तोही होईना, तेव्हा मनात एकच वाक्य घोळायला लागलं: आपल्यालाच जमत नाही. हे वाक्य तुमच्याही मनात कधीतरी येईल. त्यावर विश्वास ठेवण्याआधी काय तपासायचं, ते सांगण्यासाठी आजचा लेख.

बिघडत काय होतं?

रोज रात्री मी फ्रिजमधून दूध काढायची, शेगडीवर कोमट करायची, विरजण लावून ओट्यावर झाकून ठेवायची. सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं. कधी थोडं आंबूस, पण पातळ. पहिला संशय विरजणावर. काही दही आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं असतं, त्यातले जिवाणू मेलेले असतात आणि त्याने विरजण लागत नाही. वेष्टन नीट वाचून जिवंत जिवाणूंचं दही आणलं. तरी तेच. मग मी सगळ्यांसारखा निष्कर्ष काढला: "इथलं दूधच वेगळं."

हा निष्कर्ष फार सोयीचा असतो, कारण तो काढला की पुढे काही करायला नको. "इथलं पाणीच वेगळं", "त्यांचं मशीनच वेगळं" ही त्याचीच भावंडं. संशोधनात असं वाक्य तोंडात आलं, की स्वतःला विचारायचं: हे मी तपासलंय का?

चार पेले

एका शनिवारी मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणला आणि चार सारखे पेले मांडले. एकाच पुड्यातलं दूध, प्रत्येक पेल्यात १५० मिलिलिटर, एकाच डब्यातलं विरजण एकेक छोटा चमचा, आणि विरजण लावताना चारही पेल्यांतलं दूध ४२ अंश सेल्सिअसला. दोनच गोष्टी बदलल्या. दोन पेल्यांतलं दूध फक्त गरम केलेलं. दोन पेल्यांतलं आधी चांगलं उकळून मग निववलेलं. प्रत्येक जोडीतला एक पेला ओट्यावर, दुसरा ओव्हनमध्ये. ओव्हन बंदच, फक्त आतला दिवा चालू. रात्री माझ्या स्वयंपाकघरात १७ अंश होते आणि दिव्याच्या उबेने ओव्हनमध्ये ३६.

सकाळी ओट्यावरचे दोन्ही पेले पातळच होते. ओव्हनमधलं नुसतं गरम केलेलं दूध विरजलं होतं, पण चमचा घातला की पाणी सुटत होतं. उकळलेल्या दुधाचा ओव्हनमधला पेला मात्र घट्ट, घरच्यासारखा. एका रात्रीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून पुढच्या आठवड्यात हेच आणखी दोनदा केलं. उत्तर तेच आलं.

कारणं सरळ आहेत. दह्याचे जे जिवाणू बाजारातल्या दह्यात असतात, ते ४० ते ४५ अंशांच्या आसपास जोमाने वाढतात. दूध वीसच्या खाली गेलं की त्यांचं काम जवळजवळ थांबतं. थंड ओट्यावर कोमट दूध दोन-तीन तासांत निवून जातं. दुसरं म्हणजे उकळण्याचं. दूध ८५ अंशांच्या वर काही वेळ तापलं की त्यातली निवळीतली (व्हे) प्रथिनं उलगडतात आणि केसीन या मुख्य प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे दह्याची जाळी पाणी धरून ठेवते. पाश्चरायझेशन साधारण ७२ अंशांना जेमतेम १५ सेकंद होतं, त्यात हे फारसं घडत नाही. पुड्यावर "पाश्चराइज्ड" वाचून मी उकळणं गाळलं होतं, कारण माझ्या मते उकळायचं ते जंतू मारायला.

आता यातला धडा बघा. "एका वेळी एकच गोष्ट बदला" हे आपण शाळेपासून ऐकतो. समजा मी फक्त उकळून बघितलं असतं आणि पेला ओट्यावरच ठेवला असता, तर काय दिसलं असतं? काहीच फरक नाही. मी वहीत लिहिलं असतं: "उकळण्याचा परिणाम होत नाही." आणि ते साफ चूक ठरलं असतं. उकळण्याचा परिणाम ऊब असेल तरच दिसतो. दोन घटक असे एकमेकांवर अवलंबून असतात, त्याला आंतरक्रिया म्हणतात. ती पकडायची असेल तर दोन्ही घटकांच्या सगळ्या जोड्या करून बघाव्या लागतात. याला फॅक्टोरियल डिझाईन म्हणतात. पुस्तकात ते प्रकरण मी दोनदा वाचलं होतं. कळलं ते पेल्यांत.

आई म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"

रविवारी फोनवर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, दूध उकळायचं हे काय सांगायचं? आणि थंडीत मी भांडं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवते की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "दूध कोमट करायचं" म्हणजे माझ्यासाठी फ्रिजमधलं थंड दूध कोमटपर्यंत चढवणं. आईसाठी उकळलेलं दूध कोमटपर्यंत उतरू देणं. शब्द एकच, दिशा उलट. आणि तिने काही लपवलं नव्हतं. आमच्या सांगलीच्या घरी दूध आलं की आधी उकळतंच, आणि वर्षातले बरेच महिने ओटा उबदारच असतो. ज्या गोष्टी कधी बदलतच नाहीत, त्या पाककृतीत लिहायचं कुणाला सुचणार? त्या दिसल्या मी घर बदललं तेव्हा.

पोळीचंही तसंच झालं. आईच्या कृतीत "पाणी लागेल तेवढं". जर्मन दुकानातल्या ४०५ नंबरच्या पिठात मी सवयीने पाणी घातलं, तर कणकेचा चिखल झाला आणि पोळ्या वातड. तो नंबर म्हणजे १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. नंबर लहान तेवढा कोंडा कमी. शिवाय आपल्या चक्कीच्या दगडांत पिष्टाचे कण दाबाने आणि उष्णतेने फुटतात, आणि फुटलेले कण जास्त पाणी पितात. रोलर गिरणीतल्या पिठात ते कमी फुटतात. म्हणजे "लागेल तेवढं" हे प्रमाण आईच्या हातात आणि आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत मिळून ठरलेलं होतं. दोन्ही मागे राहिलं, माझ्यासोबत फक्त वाक्य आलं.

याला नाव आहे

रसायनशास्त्रातून तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या मायकेल पोलानी यांनी १९५८ आणि १९६६ च्या पुस्तकांत याच प्रकारच्या ज्ञानाबद्दल लिहिलं. माणसाला जेवढं येतं तेवढं सगळं त्याला शब्दांत सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. याला अव्यक्त ज्ञान म्हणू.

पुढे हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने हे प्रत्यक्ष प्रयोगशाळांत जाऊन पाहिलं. १९७० च्या सुमारास कॅनडातल्या एका प्रयोगशाळेने टीईए लेसर जाहीर केला आणि ब्रिटनमधल्या लॅब्स तो बनवायला लागल्या. कॉलिन्स यांचा पेपर १९७४ चा. त्यांना दिसलं की नुसते छापील पेपर वाचून कुणालाही चालणारा लेसर बनवता आला नव्हता. ज्यांना जमला, त्यांचा तो आधी बनवलेल्या माणसाशी प्रत्यक्ष संपर्क होता. एका ठिकाणी अडलेली गोष्ट होती कपॅसिटरपासून इलेक्ट्रोडपर्यंतच्या तारेची लांबी. ती कमी ठेवावी लागते, हे बनवणाऱ्यांच्याही नीट लक्षात आलेलं नव्हतं. त्यांची मांडणी तशी होती, म्हणून लेसर चालत होता.

पिठाचा डबाच की हा!

लॅबमधलं "कोमट"

तेव्हा मी एक प्रथिन शुद्ध करत होते. पद्धत दुसऱ्या एका गटाच्या पेपरमधून घेतली होती. पाच महिने झाले, प्रथिन निघायचं पण काम करायचं नाही. वर्षअखेरच्या आढाव्यात गाईडना काय दाखवायचं, या विचाराने झोप उडाली होती. दह्याच्या त्या फोननंतर मी पेपर पुन्हा वाचला आणि जिथे जिथे "कोमट"सारखा शब्द दिसला, तिथे पेन्सिलने खूण केली. चार सापडले. त्यातला एक: "हलकेच मिसळा".

पेपरच्या लेखिकेला मेल केला आणि व्हिडिओ कॉलवर "तुम्ही ही पायरी करून दाखवाल का?" असं विचारलं. तिने नळी हातात घेऊन सावकाश दहा वेळा उलटीसुलटी केली. मी तेच काम व्हॉर्टेक्स मशीनवर, सगळ्यात कमी वेगाने करत होते. माझ्या मते तेच "हलकेच" होतं. नळीत फेस यायचा, आणि फेसात प्रथिनाची घडी मोडते. पद्धत बदलल्यावर दुसऱ्याच खेपेला प्रथिन चाललं. मला येत नव्हतं असं नाही. मला ठाऊक नसलेली एक गोष्ट होती, आणि ती कागदावर नव्हती.

निघण्याआधी एवढं करा

आईकडून पाककृती लिहून घेऊ नका. ओट्याशी उभं राहून बघा. ती जे करते पण बोलत नाही, तेवढंच लिहा. लॅबमध्येही सीनियरला "कसं करायचं?" एवढंच विचारून थांबू नका, एकदा शेजारी उभं राहून पूर्ण प्रयोग पाहा.

वाचताना मोजमाप नसलेल्या शब्दांवर खूण करा: हलकेच, ताजं, थोडा वेळ, खोलीच्या तापमानाला. कुणाच्या खोलीच्या?

स्वतःच्या वहीत तुम्हाला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीही लिहा. तुमच्यानंतर येणारी मुलगी वेगळ्या ओट्यावर उभी असेल.

आणि लेखकाला विचारायला लाजू नका. विचारणं म्हणजे अडाणीपणा, हे आपल्याकडच्या वर्गांत शिकलेलं विसरायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा थर्मामीटर सोबत नेला होता. आई दुधात करंगळी बुडवून "झालं कोमट" म्हणाली की मी मापायची. तीन दिवसांचे आकडे: ४२, ४१, ४३. आई म्हणाली, "एवढं मोजत बसलीस तर दही लावणार कधी?" तिचंही बरोबर आहे. आता मीही करंगळीच बुडवते. पण वहीच्या पहिल्या पानावर "कोमट"च्या पुढे ४२ लिहिलंय, आणि त्याखाली: आधी उकळणे, मग उबेत ठेवणे.