राजवाणी आणि अन्नदान

ज्या सिंहासनाची सत्ता येथून १९४७ सालीं गेली, त्यावरील वाणी अद्याप आमच्या पुण्याच्या घरांत वाद उपस्थित करूं शकते! हा नाताळसंदेश १९३२ सालीं पंचम जॉर्ज यांनीं नभोवाणीवर आरंभिला. १९५७ सालीं दुसरी एलिझाबेथ दूरचित्रवाणीवर दिसली. २०२२ सालीं तृतीय चार्लस यांनीं राजा या नात्यानें आपला पहिला संदेश दिला, तेव्हां लंडनला दुपारचे तीन आणि येथें रात्रीचे साडेआठ झाले होते. भुकेल्यांस अन्न देणाऱ्या प्रार्थनास्थळांत त्यांनीं चर्च, सिनेगॉग, मशीद यांबरोबर मंदिर व गुरुद्वारा यांचेंही नांव घेतलें.

आमचे चिरंजीव हर्षभरित झाले. धाकटे बंधु म्हणाले, "ज्यांनीं आम्हांस दास्यांत ठेविलें, त्यांच्या प्रशस्तीचें कौतुक कशाला?" मीही त्या वादांत रंगलों. सौभाग्यवतींनीं मात्र लंडनच्या कन्येस दूरध्वनीवर विचारलें, "अग, एवढ्या श्रीमंत देशांत उपाशी माणसें आहेत?"

"आहेत, आई. इंधनाचें बिल भरावें कीं पोटभर जेवावें, असा प्रश्न पुष्कळांना पडला आहे."

वाचकहो, मीं आयुष्यभर व्याकरण शिकविलें. तरी त्या वाक्यांत 'मंदिर' हें नाम तेवढें ऐकलें. 'अन्न देणें' हें क्रियापद घरांत एकीनेंच ऐकलें.