हळदीचे पेटंट आणि आपली वही

पेटंट हा शास्त्रज्ञांचा आणि कारखानदारांचा विषय, कलाशाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. हळदीच्या पेटंटची हकीकत वाचल्यावर हा समज टिकत नाही.

पेटंट म्हणजे शासन आणि संशोधक यांच्यातील एक प्रकारचा करारच होय. संशोधकाने आपली कृती अर्जात संपूर्ण उघड करावयाची. त्या बदल्यात इतरांना ती परवानगीवाचून धंद्यासाठी वापरण्यास मनाई करण्याचा हक्क त्याला मिळतो. आपल्या देशात त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. शोध नवा असावा, जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा आणि उद्योगात उपयोगी पडावा, या त्याच्या तीन कसोट्या.

मार्च १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. महाड-पोलादपूरकडे विळीने बोट कापले की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. मग यात नवे ते काय? परंतु त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे. छापील आधार लागे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले आणि ३२ लेखी आधार पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ चा एक वैद्यकीय निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे सर्व दावे अमान्य झाले.

यातून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध असा, की छापलेली गोष्ट सामान्यतः नवी राहत नाही. म्हणून आधी अर्ज, मग निबंध.

आपल्यासाठी बोध निराळा आहे. २००१ पासून देशाने पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारले, पण त्याचा मुख्य आधार ग्रंथ आहेत. डोंगरातल्या वाड्यांवरील वृद्धांना ठाऊक असलेले पाले आणि मुळ्या ग्रंथांत असतीलच असे नाही. ते सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याचे नाव, गाव व तारीख घालून लिहून ठेवणे आणि छापणे हे मराठीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे काम आहे. त्याने सांगणाऱ्याला पेटंट मिळणार नाही, हे त्याला आधीच सांगावे. मात्र त्याच्या विद्येवर उद्या दुसऱ्या कोणी हक्क सांगितला, तर दाखवावयास कागद राहील.