तांबं, कथील आणि गटारातला वायू

हायड्रोजन सल्फाइड आधी नाकाला कळतो आणि मग नाकच बंद पाडतो. हवेच्या दहा लाख भागांत तो एक भागापेक्षा कमी असला तरी सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण शंभराच्या पुढे गेलं की घ्राणशक्तीच बधिर होते आणि मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला वाटतं, हवा निवळली. पाचशे-सातशेच्या घरात तो काही मिनिटांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो. गटारातल्या मृत्यूंच्या बातम्यांत एका वेळी दोघा-तिघांची नावं येतात ती यामुळे.

या वायूचा माग काढणारी एक फार देखणी युक्ती जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात जन्मली. धातूच्या ऑक्साइडवर वायू बसला की त्याचा विद्युतरोध बदलतो, हे १९६२ साली तिथल्याच तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडवर दाखवलं होतं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट मागितलं आणि पुढे घरगुती गॅसगळतीचे अलार्म त्यावरच उभे राहिले. पण कथिलाचा ऑक्साइड फार भेदभाव करत नाही. एलपीजी असो, हायड्रोजन असो की अल्कोहोलची वाफ, तो सगळ्यांनाच कमीअधिक दाद देतो. त्याला निवड शिकवायची तर जोडीला दुसरा पदार्थ हवा होता.

१९९२ साली क्यूशूच्याच तामाकी, यामाझोए आणि सहकाऱ्यांनी त्यात तांब्याचा ऑक्साइड मिसळला. कथिलाच्या ऑक्साइडमध्ये वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे, तांब्याच्या ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांमुळे. दोघांचे कण जिथे टेकतात तिथे विजेला अडसर उभा राहतो, आणि असे असंख्य अडसर मिळून थराचा रोध प्रचंड वाढतो. आता हायड्रोजन सल्फाइड आला की तांब्याच्या ऑक्साइडचं सल्फाइड होतं. कॉपर सल्फाइड जवळजवळ धातूसारखं वीज वाहून नेतं. अडसर कोसळतात आणि रोध कित्येक पटींनी खाली येतो. वायू निघून गेला की हवेतला ऑक्सिजन सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड करतो आणि अडसर पूर्ववत उभे राहतात. एलपीजी किंवा हायड्रोजन तांब्याचं सल्फाइड करू शकत नाहीत, म्हणून ही खूण याच वायूची. दोन्ही पदार्थ सुटे घेतले तर यातलं काहीच इतक्या ठळकपणे घडत नाही. जे घडतं ते त्यांच्या सीमेवर. संमिश्र नॅनोपदार्थांवर आज जगभर चाललेल्या कामाचं मर्म मला इथेच दिसतं: कण जितके बारीक, तितकी सीमा मोठी.

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या जोडीवर वर्षानुवर्षं काम झालं. आपल्या अणुऊर्जा कार्यक्रमाला जड पाणी लागतं, आणि तेलंगणातल्या मणुगुरूसारख्या कारखान्यात ते हायड्रोजन सल्फाइडच्याच मदतीने वेगळं काढलं जातं. तिथे गळती ओळखणं हा जिवाचा प्रश्न. केंद्रातल्या मंडळींनी निर्वात पात्रात धातूची वाफ करून या दोन ऑक्साइडांचे पातळ थर बसवले. हा सेन्सर म्हणजे नखाएवढा तुकडा. वर थर आणि त्याला टेकलेले इलेक्ट्रोड, जोडीला थर तापवणारा हीटर. दीड-दोनशे अंशांच्या आसपास तापल्यावर तो नीट चालतो. हवेत ठेवला की रोधाचा आकडा स्थिर. वायूचा अंश आत सोडला की आकडा घसरत जातो.

पण वापरागणिक हा आकडा मूळ जागेवरून सरकू लागतो. तुर्भ्याच्या संशोधकांनी २००३ साली नेमक्या या सरकण्याच्या कारणांवर शोधनिबंध लिहिला, याचं मला विशेष मोल वाटतं. ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूब मिसळून खोलीच्या तापमानाला चालणारे सेन्सर आता पुष्कळ निघतात, हीटर गेला की बॅटरी टिकते हेही खरंच. पण तापमान उतरलं की बसलेला वायू सुटायला वेळ लागतो. सेन्सर किती झटकन जागा होतो हे ठळक छापलं जातं, मूळ पदावर किती वेळात येतो हे तक्त्याच्या कोपऱ्यात.

आज कामगारांच्या खिशाला लावायच्या उपकरणांत हा वायू ओळखायला बहुधा विद्युतरासायनिक घट असतो. तो भरवशाचा आहे, पण दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो आणि त्याचा खर्च कंत्राटदार टाळतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. स्वस्त, टिकाऊ सेन्सर दोरीला बांधून आधी वर, मग मध्ये, मग तळाशी सोडला, तर माणूस झाकणाच्या बाहेर असतानाच विषाचा पत्ता लागेल. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या कोरड्या हवेतली चाचणी पुरणार नाही. मुंबईच्या जुलैतली दमट हवा, सोबत मिथेन आणि अमोनिया, वर गाळाचे शिंतोडे, आणि असं सलग वर्षभर: संमिश्र पदार्थावरच्या प्रत्येक नव्या निबंधात मी आधी हा तक्ता शोधतो.