ब्रिटनचे वार्तापत्र : जनुकांची तपासणी आणि पुण्याचे नमुने

माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरे असतात. त्यांत माणसागणिक लाखो फरक आढळतात. कोणता फरक रोगाचा आणि कोणता निरुपद्रवी, हे ओळखण्यासाठी ब्रिटनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जात आहे. लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फामिसेन्स’ने 2023 मध्ये प्रथिनांतील 7 कोटी 10 लाख संभाव्य बदल तपासून त्यांपैकी 89 टक्क्यांबाबत कौल दिला. हा कौल अंदाजाचा आहे. रुग्णाची लक्षणे आणि घराण्याचा इतिहास यांच्याशी ताडल्याशिवाय त्याला निदान म्हणता येत नाही.

अशा कामाला लागणारी माहिती ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेमुळे जमली. दुर्मीळ आजार व कर्करोगाच्या सुमारे 85 हजार रुग्ण आणि नातेवाइकांचे 1 लाख जनुकसंच 2018 पर्यंत वाचून झाले. ही माहिती संशोधकाला घरी नेता येत नाही. तिच्यावर सुरक्षित संगणकातच काम करावे लागते आणि बाहेर जाणारा निष्कर्षही आधी तपासला जातो. दात्याला संमती मागे घेता येते.

तरी एक उणीव मोठी आहे. ‘यूके बायोबँक’ या ब्रिटनमधील संशोधन-संग्रहाच्या 5 लाख स्वयंसेवकांपैकी सुमारे 95 टक्के गोरे आहेत. त्यांच्यावर शिकलेली पद्धत इतरांना लागू पडते का, हे तपासूनच पाहावे लागते.

तशी तपासणी पुण्यात झाली. एक्झिटर विद्यापीठ, पुण्याचे केईएम रुग्णालय संशोधन केंद्र आणि हैदराबादची सीसीएमबी ही संशोधनसंस्था यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह तरुण वयात आणि सडपातळ अंगकाठीतही होतो. त्यामुळे तो पहिल्या प्रकाराहून वेगळा ओळखणे अवघड जाते. ओळख चुकली, तर इन्सुलिनवाचून जीव धोक्यात येतो किंवा नको असताना आयुष्यभर सुई टोचावी लागते. जनुकीय खुणांवरून रोगाचा धोका मोजणारा, युरोपीय माहितीवरून बनवलेला जनुकीय जोखीम-गुणांक पुण्याच्या रुग्णांतही हे दोन प्रकार चांगले वेगळे करतो, असे दिसले. मात्र काही जनुकीय खुणांचे प्रमाण युरोपीयांहून वेगळे निघाले. हा गुणांक साधा होता. अब्जावधी अक्षरांवर शिकलेल्या यंत्राची अशी पडताळणी तर अधिकच आवश्यक आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने हा मुद्दा जवळचा आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या समाजातच लग्ने होत आल्याने जनुकीय खुणांचे प्रमाण समाजागणिक बदलते. पुण्यातल्या रुग्णांना जुळलेला गुणांक या वाड्यावस्त्यांनाही जुळेल, असे गृहीत धरता येत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने देशभरातील सुमारे 10 हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले. ती माहिती जानेवारी 2025 मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. सुरुवात चांगली आहे, पण भारतातील हजारो समाजांपुढे ती अपुरी आहे.

संशोधनासाठी कोणी रक्ताचा नमुना मागितला, तर संमतीपत्र मराठीत वाचून घ्यावे. माहिती कुठे राहील, कोण वापरेल आणि संमती मागे कशी घेता येईल, हे सही करण्याआधी विचारावे.