पिस्टन बदलायचा की नुसत्या रिंगा? कर्ज देण्याआधी माप बघूया

आज आपण ट्रक-टेम्पोच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात इंजिन कशाला, असं कुणी म्हणेल. पण आळंदी, मरकळ, चऱ्होली, चाकण या पट्ट्यात किती घरं गाडीवर चालतात ते आठवून बघा. गाडी बंद पडली की पहिली मागणी कुठे येते? आपल्या गटात येते. ‘इंजिनाचं काम निघालंय’ एवढं सांगितलं जातं आणि आपण मान डोलावतो. आमच्या गटानेही तसंच केलं होतं. त्यामुळे एकाच कामासाठी दोनदा कर्ज द्यावं लागलं.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे ४०७ गाडी आहे. त्यांचे मालक एरवी चाकणच्या कंपन्यांचा माल वाहतात आणि वारीच्या दिवसांत दिंडीचं सामान. गेल्या पाडव्याच्या सुमारास गाडी निळा धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली. गॅरेजवाला म्हणाला, रिंगा टाकल्या की झालं. गटातून २०,००० रुपये दिले. रिंगा बदलल्या, धूर कमी झाला, सगळ्यांना बरं वाटलं.

मग ज्येष्ठात माउलींची पालखी निघाली. दिंडीचे तंबू, शिधा, भांडी भरून ताईंची गाडीही निघाली. पुण्यापुढे दिवे घाटाच्या चढाला तिने दम सोडला. मागे निळा धूर, पुढे ओढ नाही. दिंडीसाठी दुसरी गाडी करावी लागली आणि तिचं भाडं ताईंनाच भरावं लागलं. त्या महिन्याचा गटाचा हप्ताही थकला.

पुढच्या बैठकीत ताई एका कोपऱ्यात बसून होत्या. कुणी म्हणालं, आता एक पैसा द्यायचा नाही. कुणी म्हणालं, गाडीच बंद राहिली तर पहिलेही पैसे कुठून येणार? शेवटी ठरलं की आपण जाऊन बघायचं. आम्ही तिघी ताईंबरोबर दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथले मिस्त्री जुन्या वळणाचे. त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवलं आणि इंजिन खोलता खोलता सगळं समजावलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

पिस्टन म्हणजे सिलिंडरच्या आत वर-खाली होणारा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा डबा. तो वर येताना आतली हवा दाबतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. त्या धक्क्याने पिस्टन खाली जातो आणि गाडी ओढते. इंजिनाचे मिनिटाला २,००० फेरे चालू असतील तर पिस्टन २,००० वेळा वर आणि २,००० वेळा खाली जातो. आता कुकर आठवा. झाकणाची रबरी रिंग सैल झाली की वाफ बाजूने निघते, शिट्टी होत नाही, डाळ कच्ची राहते. पिस्टनच्या रिंगांचं काम तेच. वरच्या रिंगा दाब धरून ठेवतात आणि खालची ऑइलची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली सोडते. दाब निसटला की ओढ जाते. ऑइल वर चढून जळलं की निळा धूर येतो.

पण निळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलायचं नाही. व्हॉल्व्हच्या बाजूने किंवा टर्बो असेल तर तिथूनही ऑइल आत जाऊ शकतं. म्हणून आधी प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन, म्हणजे दाब, मीटर लावून तपासतात. काळा धूर हा वेगळा दोष. तिथे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय, हे आधी बघायचं.

इंजिन खोलल्यावर मिस्त्रींनी प्रत्येक पिस्टनवर आतल्या बाजूने खूण केली. कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा, हे हरवलं तर दोष शोधता येत नाही. मग पिस्टन डिझेलमध्ये भिजवून साफ केले. इथे एक सांभाळायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला की पातेलं काळं पडतं, हे आपल्याला माहीत आहे. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकला तर पिस्टन असाच खाल्ला जातो. तारेच्या ब्रशनेही घासायचा नाही.

मग नजरेची तपासणी. पिस्टनचा माथा वितळल्यासारखा किंवा भोक पडलेला असेल तर इंजेक्टर नीट फवारत नाही, अशी शंका घ्यायची. माथ्यावर व्हॉल्व्ह आपटल्याची खूण आहे का, खोलगट भागाच्या कडेला बारीक तडा आहे का, रिंगांच्या खाचांमधल्या कडा तुटल्यात का, तेही बघायचं. बाजूला उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलं, इंजिन तापलं किंवा धूळ गेली. घासल्याची खूण तिरपी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकला असण्याचा संभव असतो. ताईंच्या चारपैकी दोन पिस्टनवर उभे ओरखडे होते. नख फिरवलं तरी लागत होते.

उरलेले दोन डोळ्यांना चांगले दिसत होते. आम्ही म्हणालो, मग हे ठेवा की. मिस्त्री म्हणाले, “ताई, डोळ्याला दिसतं ते अर्धं. माप घेऊ.”

या मापालाच सगळं महत्त्व आहे. ताईंच्या गाडीत ४९७ इंजिन आहे. आम्हाला तो नुसता नंबर वाटायचा. तो खरं तर इंजिनाची ओळख सांगतो : चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी. मोठ्या ट्रकातलं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि तोच ९७ चा बोअर. पिस्टन या भोकापेक्षा थोडा लहान असतो, कारण तो तापला की फुगतो. ही फट किती असावी ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाएवढा फरकही इथे मोठा.

पिस्टनचं माप मायक्रोमीटरने घेतात, पिनेच्या आडव्या बाजूला आणि पुस्तकात सांगितलेल्या उंचीवर. कारण पिस्टन मुद्दाम किंचित लांबट गोल केलेला असतो. कुठेही धरून मोजला तर माप चुकतं. सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली मोजतात आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं. ताईंच्या एका सिलिंडरमध्ये वरच्या आणि खालच्या मापात ०.२० मिलिमीटर फरक निघाला. रिंगा जिथे घासतात तिथे तो वर जास्त खाल्ला होता.

पाडव्याला टाकलेल्या नव्या रिंगा का चालल्या नाहीत, ते आम्हाला तिथे कळलं. वाकड्या झालेल्या डब्याला नवं गोल झाकण घट्ट बसत नाही. त्या वेळी कुणी बोअर मोजलाच नव्हता.

मग पर्याय तीन. बोअर आणि पिस्टन दोन्ही मापात असतील तर होनिंग करून नुसत्या रिंगा चालतात. उगाच जास्त खर्च करायचा नाही. बोअर खाल्ला असेल तर तो मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. ते साधारण ०.२५, ०.५० अशा पायऱ्यांनी मिळतात. किंवा इंजिनात लायनर असतील तर नवे लायनर आणि नवे पिस्टन. ताईंच्या गाडीला हा तिसरा मार्ग घ्यावा लागला. एक जुना पिस्टन मापातही चांगला होता. तो का टाकायचा, असं आम्ही विचारलं. पण चारही पिस्टनचं वजन सारखं लागतं, नाहीतर इंजिन थरथरतं, असं मिस्त्री म्हणाले. ते आम्हाला पटलं. नवे पिस्टन आधी आणले, ते मोजले आणि मग भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बोअर त्यांच्या मापाला घेतले. आधी बोअर करून मग पिस्टन शोधायचा नसतो.

बसवतानाही आम्ही थांबलो. पिस्टनवरचा बाण इंजिनाच्या पुढच्या बाजूला, रिंगेवरची खूण वरच्या बाजूला. प्रत्येक रिंग आधी बोअरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली. ती कमी असली तर तापल्यावर टोकं एकमेकांवर आपटतात आणि रिंग तुटते. पिस्टनवर बसवताना सगळ्या रिंगांच्या फटी एका ओळीत आणायच्या नाहीत, फिरवून ठेवायच्या. नाहीतर दाबाला सरळ वाट मिळते. पिनेच्या लॉक रिंगा नव्या घातल्या.

आणि शेवटी मिस्त्रींनी विचारलं, “पण एवढं खाल्लं कशाने?” एअर फिल्टरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला चीर होती. फिल्टर चांगला, पण धूळ चिरेतून थेट आत. जात्यात धान्याबरोबर वाळू गेली तर पाळ्यांचं जे होईल, तेच इथे झालं होतं. तो पाइप बदलला नसता तर नवे पिस्टनही तसेच गेले असते.

दुसरं काम पहिल्याच्या दुपटीहून महाग पडलं. गटाने कर्ज दिलं, ताई अजून फेडतायत. काम झाल्यावर सुरुवातीला जास्त माल भरायचा नाही आणि ऑइल लवकर बदलायचं, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. मालकांनी ते पाळलं. आता गाडी धूर न सोडता चालते.

तेव्हापासून गाडीच्या कामासाठी कर्ज मागितलं की आमच्या बैठकीत हे प्रश्न विचारले जातात. तुम्हीही ते वहीत उतरवून घ्या.

१. इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासला का?
२. प्रत्येक बोअरची आणि पिस्टनची मापं कागदावर लिहून दिली का? कंपनीची मर्यादा किती?
३. नुसत्या रिंगा, ओव्हरसाइज की लायनर-पिस्टन? त्याचं कारण काय?
४. ‘हाफ इंजिन’ किंवा ‘फुल इंजिन’ म्हणजे या गॅरेजमध्ये नेमकं काय काय बदलणार?
५. झीज कशामुळे झाली? ते कारण दूर केलं का?
६. जुने पिस्टन आणि रिंगा परत मिळणार का? बिल पक्कं मिळणार का?

हे विचारायला मिस्त्रीकाम यावं लागत नाही. चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही, उलट तो माप काढून दाखवतो. ताईंचे ओरखडे पडलेले दोन पिस्टन आम्ही मागून आणले. ते गटाच्या पेटीत ठेवले आहेत. कर्जाचा अर्ज आला की ते बाहेर काढतो आणि नव्या बायकांना त्यावर नख फिरवून बघायला सांगतो.