शेजाऱ्याचा तोल

कॉलेजच्या हॉलमध्ये नव्या मुलांचा वृक्षासनाचा पहिला दिवस जरूर पाहावा. रांगेतला एक जण डगमगतो, त्याच्याकडे बघणारा शेजारीही डगमगतो, मग त्याच्या पलीकडची मुलगी. पाय धडाधड खाली येतात, हशा पिकतो. शिक्षक म्हणतात, ‘समोर भिंतीवर एक ठिपका धरा.’ नजर ठरते आणि पायही ठरतो. तोल सांभाळायला मेंदू कानाच्या आतून, डोळ्यांतून आणि पायांच्या स्नायूंतून खबर घेत असतो. शेजारी हलला की डोळ्यांची खबर बिघडते. म्हणजे माझा तोल थोडासा शेजाऱ्याच्या पायातही असतो! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

योगवर्गात नवख्यांना खरं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: आत काय चाललंय ते पाहा. आता मनगटावर बोट ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ठोके किंचित वेगाने पडतात, सावकाश सोडताना ते मंदावतात. सोडत्या श्वासाबरोबर व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवर घालतो, आणि तरुण वयात हा फरक चांगलाच ठळक असतो. छातीतली धडधड, पोटातला गोळा, घशातला आवंढा या साऱ्यांच्या खबरा मेंदूच्या घडीत दडलेल्या ‘इन्सुला’ या भागात पोचतात.

इथे मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. लंडनमध्ये तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जोडप्यांवर केलेला प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. स्त्रीच्या हाताला विजेचा चटका दिला, तेव्हा तिच्या इन्सुलाचा पुढचा भाग जागा झाला. चटका जोडीदाराला बसतोय एवढीच खूण तिला दिसली, तरीही तो भाग जागा झाला. आपलं दुखणं आणि जिवलगाचं दुखणं मेंदूत शेजारी-शेजारी राहतं.

मग आत पाहायला शिकलेला माणूस बाहेरही जास्त पाहतो का? 2013 साली बोस्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन खुर्च्यांची खोली, दोन आधीच भरलेल्या, तिसरीवर प्रयोगाला आलेला माणूस. कुबड्या घेतलेली एक स्त्री कण्हत येते आणि भिंतीला टेकते. बाकीचे दोघे, मुद्दाम तसं सांगून बसवलेले, तिकडे बघतच नाहीत. आठ आठवडे ध्यान केलेल्यांपैकी निम्मे उठले. न केलेल्यांपैकी शेकडा सोळा. माणसं जेमतेम चाळीस, आणि तिथे आसनं नव्हती, ध्यान होतं, म्हणून यावर फार मोठा इमला बांधू नये. पण ती रिकामी झालेली खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपण समजतो, आधी मन शांत होईल, मग माणसांशी नीट वागता येईल. योगसूत्रांत पतंजलींनी क्रम उलटा ठेवला आहे. योगाच्या आठ अंगांत पहिले येतात ते यम: अहिंसा, सत्य, अस्तेय अशी, बहुतेक दुसऱ्याशी वागण्याचीच व्रतं. आसन तिसरं. आणि सूत्रांच्या ‘समाधिपाद’ या भागात चित्त प्रसन्न व्हावं म्हणून ते जो उपाय सांगतात, तो नात्यांचाच आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद, वाईटाकडे दुर्लक्ष.

यातली करुणा त्या मानाने सोपी. सुखी माणसाशी मैत्री किती अवघड, हे होस्टेलवर राहिलेल्याला विचारा. प्लेसमेंटची यादी लागते. रूममेटचं नाव आहे, आपलं नाही. तो धावत येतो. घशात आवंढा अडकतो, श्वास वरच्यावर थांबतो. महिनाभर रोज सकाळी चटईवर पडून हाच श्वास पाहिलेला असेल, तर तो थांबल्याचं निदान कळतं. तो सोडायला चार-पाच सेकंद लागतात. रूममेट अजून दारातच उभा असतो.