इसबावर प्रकाशाचा डोस

नवजात बाळाला कावीळ झाली की काचपेटीत निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आता घरोघरी माहीत आहे. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण इसबाच्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ ‘आता लाइट घेऊन बघू’ असं म्हणाले, की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. अतिनील किरणांनी तर कॅन्सर होतो ना? आणि प्रकाशच घ्यायचा, तर अंगणातलं ऊन काय वाईट?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी उन्हाचा घेऊ, कारण त्याच्या उत्तरात या उपचाराचं मर्म आहे.

आपल्याकडे कुठल्याही त्वचाविकारावर ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात बसत जा’ हा सल्ला ठरलेला. सूर्यापासून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत बहुतांश वाटा ‘यूव्हीए’ या लांब लहरींचा असतो. त्याहून आखूड ‘यूव्हीबी’ जेमतेम पाच टक्के. सकाळी किरण तिरपे येतात, त्यांना वातावरणाचा जास्त जाड थर ओलांडावा लागतो आणि ओझोन त्यातला यूव्हीबी बराचसा गाळून टाकतो. म्हणजे कोवळं ऊन ज्या कारणासाठी सुखावह, त्याच कारणासाठी इसबाला जवळपास निरुपयोगी! यूव्हीबी हवा तर भर दुपारी बसावं लागेल. पण तेव्हा घाम आणि उकाडा सोबत येणार, आणि इसबाची खाज चाळवायला त्या दोन गोष्टी पुरेशा असतात. खिडकीच्या काचेआड बसून तर काहीच साधत नाही. साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते.

दवाखान्यातल्या चेंबरमध्ये असते ती ‘नॅरोबँड यूव्हीबी’, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अगदी अरुंद पट्टी. हा आकडा आला सोरायसिसच्या संशोधनातून. अमेरिकेतील जॉन पॅरिश आणि कर्ट येनिके यांनी १९८१ मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या लहरी सोरायसिसच्या चट्ट्यांवर तपासून पाहिल्या. २९० नॅनोमीटर आणि त्याखालच्या लहरींनी त्वचा भाजत होती, पण चट्टे जात नव्हते. त्यापेक्षा लांब, ३१३ नॅनोमीटरपर्यंतच्या लहरींनी मात्र न भाजताही चट्टे ओसरत होते. त्या दशकात फिलिप्स कंपनीने नेमक्या याच पट्टीत प्रकाश देणारी ट्यूब बाजारात आणली आणि चित्र पालटलं. त्याआधी सोरॅलेन हे औषध देऊन यूव्हीए किरण देण्याची ‘पुवा’ पद्धत प्रचलित होती. सोरॅलेन ज्या वनस्पतींत सापडतं, त्यांतली एक आपली बावची. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा आयुर्वेदातला उपाय आणि १९७०च्या दशकातला हा पाश्चात्त्य उपचार यांचं नातं सख्ख्या चुलतभावांचं म्हणावं असं आहे.

इसबात प्रकाश नेमकं काय करतो? बालपणापासून छळणाऱ्या, कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यांमागे ठाण मांडणाऱ्या ‘अ‍ॅटोपिक’ इसबात दोन बिघाड एकत्र असतात. त्वचेची बाहेरची भिंत झिरपते. ओलावा बाहेर जातो आणि त्रासदायक पदार्थ आत शिरतात. आणि त्वचेतले प्रतिकारपेशी गरज नसताना युद्धाच्या पवित्र्यात राहतात. मग खाज, खाजवणं, भिंत आणखी फुटणं, पुन्हा खाज. यूव्हीबी किरण फार खोल जात नाहीत, पण हा खेळ वरच्याच थरात चाललेला असतो. तिथल्या चिथावलेल्या टी-पेशी या किरणांनी मरतात किंवा शांत होतात, वरचा थर थोडा जाड होतो आणि इसबाच्या त्वचेवर माजलेल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंची संख्याही घटते. स्टेरॉइड मलमाचं काम बरंचसं याच दिशेचं असतं. पण सर्वांगावर महिनोन्‌महिने मलम चोपडण्याचे तोटे इथे टळतात.

दिव्यांच्या लखलखाटात उभं राहिल्यावर बरं वाटणारच, असं कुणी म्हणेल. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी ही शंका धरूनच चाचणी आखली. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या ७३ प्रौढांचे तीन गट केले : एकाला नॅरोबँड यूव्हीबी, दुसऱ्याला यूव्हीए आणि तिसऱ्याला निव्वळ साधा दृश्य प्रकाश. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. ‘लॅन्सेट’मध्ये २००१ साली निष्कर्ष आले, त्यांत यूव्हीबीचा गट साध्या प्रकाशाच्या गटापेक्षा स्पष्टपणे सरस ठरला. पुढे २०२१ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा ३२ चाचण्यांचा, सुमारे बाराशे रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला. कल यूव्हीबीच्या बाजूनेच निघाला. मात्र बऱ्याच चाचण्या लहान असल्यामुळे पुराव्याची खात्री कमी, असंही त्यांनी नोंदवलं. तेव्हा हा रामबाण उपाय नव्हे. मलमं पुरेनाशी झाली, पण गोळ्या-इंजेक्शनांवर जायचं नाही, अशा टप्प्यावरचा हा चांगला मधला मार्ग आहे.

आणि तो औषधासारखा मोजून घ्यायचा असतो. समजा, सुरुवातीचा डोस २८० मिलिज्यूल ठरला आणि चेंबरमधल्या ट्यूबची तीव्रता ५ मिलिवॉट आहे, तर रुग्ण आत उभा राहणार फक्त ५६ सेकंद. पुढे त्वचेचा प्रतिसाद पाहत डोस टप्प्याटप्प्याने वाढतो आणि वेळ काही मिनिटांवर जातो. ट्यूब जुन्या होतात तशी त्यांची तीव्रता उतरते. ती मीटरने वेळोवेळी तपासली नाही, तर कागदावर डोस भरपूर आणि त्वचेवर कमी, असं होतं. नव्या ट्यूब बसवल्यावर उलटा धोका. ‘ट्यूब शेवटच्या कधी तपासल्या?’ असं रुग्णाने विचारलं, तर चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

चेंबरमध्ये डोळ्यांवर गडद गॉगल सक्तीचा. पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचं. अंगावर मलमाचा जाड थर नको, तो किरण अडवतो. आणि एक बारीकशी, पण महत्त्वाची गोष्ट : दर वेळी तेवढेच कपडे. आज तोकडी चड्डी घातली आणि एरवी झाकलेली मांडी उघडी पडली, तर त्या नव्या त्वचेला एकदम विसाव्या बैठकीचा डोस बसतो. भाजल्याचं लगेच कळतही नाही. लाली आठ ते चोवीस तासांनी वर येते. सावळ्या त्वचेत ती लाल न दिसता जांभळट-करडी दिसते, म्हणून आग होते का, दुखतं का, हे रुग्णाने सांगायलाच हवं.

आता कॅन्सरचा प्रश्न. तो हवेतला नाही. अमेरिकेत ‘पुवा’ घेतलेल्या १,३८० सोरायसिस रुग्णांचा १९७०च्या दशकापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आणि खूप बैठका घेतलेल्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. नॅरोबँड यूव्हीबीचा हिशेब वेगळा आहे. स्कॉटलंडमध्ये हा उपचार घेतलेल्या ३,८६७ रुग्णांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्वचेच्या कॅन्सरशी लक्षणीय संबंध आढळला नाही. तिथली त्वचा गोरी, म्हणजे अधिक धोक्यातली. आपल्या त्वचेत मेलॅनिनचं छत्र असतं. म्हणून बैठका मोजायच्याच नाहीत असं नव्हे. आयुष्यभराची नोंद एका वहीत असावी आणि डॉक्टर बदलले तरी वही बदलू नये. ल्युपसचे रुग्ण, पूर्वी त्वचेचा कॅन्सर झालेले, सायक्लोस्पोरिन किंवा अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या गोळ्या घेणारे यांच्यासाठी हा मार्ग सहसा बंदच. गरोदरपणात मात्र, जेव्हा बरीच औषधं चालत नाहीत, तेव्हा नॅरोबँड यूव्हीबी देता येते. फॉलिक अ‍ॅसिड सांभाळावं लागतं, इतकंच.

आपल्याकडे हा उपचार अर्धवट सुटण्याची कारणं कॅन्सरपेक्षा फार साधी असतात. पहिलं, रंग. यूव्हीबीने अंग सावळं होतं. उपचार थांबल्यावर ते हळूहळू उतरतं. पण लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर घरातलं कुणी ना कुणी ‘खाज परवडली’ म्हणतं. रात्र रात्र झोप नसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हे कुणी म्हणू नये. दुसरं, सुरुवातीचे आठवडे. तेव्हा त्वचा कोरडी पडते, खाज थोडी वाढूही शकते, आणि फरक दिसायला पंधरा-वीस बैठका लागतात. सहाव्या बैठकीला ‘लाइटचा काही उपयोग झाला नाही’ असा निकाल देणं म्हणजे कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करणं. तिसरं आणि सर्वांत खरं कारण म्हणजे एसटी. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-तीन महिने, तालुक्याहून शहरात यायचं : दोन मिनिटांच्या प्रकाशासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. आठवडाभर खंड पडला तर डोस वाढवता येत नाही, त्याहून जास्त पडला तर कमी करावा लागतो, महिना गेला तर पुन्हा पहिल्यापासून.

यावर उतारा शोधताना नेदरलँड्समध्ये १९६ सोरायसिस रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना यंत्र घरी दिलं, निम्मे रुग्णालयात येत राहिले. २००९ मध्ये निष्कर्ष आले : घरचा उपचार तितकाच गुणकारी आणि तितकाच सुरक्षित. अर्थात, घरी यंत्र देण्याआधी रुग्णांना शिकवलेलं होतं आणि पाठपुरावाही होता. घरी वापरायची लहान यंत्रं आपल्याकडेही विकत मिळतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, परस्पर ऑनलाइन मागवू नयेत. कारण आपल्या दमट हवेत खाज म्हणजे इसबच, असं गृहीत धरता येत नाही. तो गजकर्णही असू शकतो, खरूजही असू शकते. या दोन्हींवर दिव्याचा उपयोग नाही, आणि औषध दुकानातून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम आधीच लावलेलं असेल, तर गजकर्णाचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही चट्टा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.